संग्रहालयातील क्राफ्ट बिअर टेस्टिंगला जाताना काय पाहावे, कसे चाखावे?

शोधयात्री

नमस्कार. पुढील महिन्यात एका पुरातत्त्व संग्रहालयात सायंकाळी क्राफ्ट बिअर टेस्टिंगचा कार्यक्रम आहे आणि त्याचे तिकीट मी काढले आहे. पत्रिकेनुसार दहा लहान ब्रुअरी आपापल्या बिअर घेऊन येणार आहेत. प्रत्येक टेबलावर छोट्या पेल्यातून नमुना मिळेल, मातीच्या व धातूच्या भांड्यांची दोन दालने त्या वेळेत उघडी राहतील आणि मध्ये अर्धा तास एक अभिरक्षक प्राचीन मद्यनिर्मितीवर बोलतील. सर्वांत शेवटी ‘पाच हजार वर्षांपूर्वीच्या कृतीने’ बनवलेली बिअर चाखायला मिळेल, असेही पत्रिकेत छापले आहे.

संग्रहालये हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, बिअर मात्र नाही. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी मी ती घेतो आणि तेव्हाही समोर येईल ती घेतो; एक बिअर दुसरीपेक्षा वेगळी का लागते याचा विचार मी कधी केलेला नाही. त्यामुळे दहा नमुने चाखून शेवटी सगळ्यांची चव एकच वाटेल आणि डोके जड झाल्यामुळे दालनेही धड पाहून होणार नाहीत, अशी धास्ती वाटते. दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. हजारो वर्षे जुन्या वस्तूंच्या सान्निध्यात शेकडो माणसांनी हातात पेले घेऊन फिरणे वस्तूंच्या दृष्टीने योग्य आहे का? आणि तिसरे म्हणजे, पाच हजार वर्षांपूर्वीची कृती आज कोणाला ठाऊक असणे खरोखर शक्य आहे का, की हे केवळ जाहिरातीपुरते असते? ज्यांनी असे कार्यक्रम अनुभवले आहेत किंवा या विषयांत ज्यांचे काम आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

आस्वादक

अशा पाच-सहा कार्यक्रमांना मी गेलो आहे. पहिल्या वेळी दार उघडताच मी थेट पहिल्या टेबलापाशी गेलो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि दालनात पोचलो तेव्हा ते बंद व्हायला दहा मिनिटे उरली होती. ती रुखरुख अजून गेलेली नाही, म्हणून पहिला सल्ला हाच देतो की आपण आधी दालने पाहावीत. सुरुवातीचा पाऊण तास रिकाम्या हाताने आणि स्वच्छ डोक्याने भांड्यांपाशी घालवावा. त्या वेळी सगळी गर्दी टेबलांपाशी असल्यामुळे दालने जवळजवळ मोकळी असतात, आणि एखाद्या रांजणाच्या तळाचा आकार किंवा तोटीची गाळणी मनात ठेवून आपण बिअर चाखायला आलात, तर समोरच्या पेल्याकडे पाहण्याची नजरच बदलते.

डोके जड होण्याबद्दल आपण थोडा हिशेब केलेला बरा. बिअरचे मिलिलिटर गुणिले तिच्यातील अल्कोहोलचे शेकडा प्रमाण गुणिले ०.७८९ करून १०० ने भागले की शुद्ध अल्कोहोल किती ग्रॅम पोटात जाईल ते कळते. सरासरी ६ टक्क्यांच्या बिअरचे ६० मिलिलिटरचे आठ नमुने घेतले, तर साधारण २३ ग्रॅम अल्कोहोल होते. तेच १०० मिलिलिटरचे बारा नमुने घेतले तर सुमारे ५७ ग्रॅम. प्रौढ माणसाचे यकृत ताशी अंदाजे ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करते, त्यामुळे पहिल्या माणसाला शुद्धीवर राहून व्याख्यान ऐकता येते आणि दुसऱ्याला ते येत नाही. एवढाशा पेल्याने काय होणार, असे प्रत्येक वेळी वाटते. म्हणून आकडा घरीच ठरवून जावे. शिवाय सगळे नमुने सारखे नसतात. ४.५ टक्क्यांच्या लागर या हलक्या बिअरचे ६० मिलिलिटर म्हणजे जेमतेम २ ग्रॅम, तर ११ टक्क्यांच्या इम्पीरियल स्टाउट या काळ्या, जड बिअरचे तेवढेच माप ५ ग्रॅमच्या पुढे जाते. पेला पूर्ण रिकामा करण्याचे बंधन कोठेही नसते. उरलेले ओतून देण्यासाठी टेबलावर भांडे ठेवलेले असते आणि ते वापरल्याने ब्रूअरचा अपमान होत नाही. उलट विचारपूर्वक चाखणारा माणूस म्हणून ते आपली दखल घेतात.

सगळ्यांची चव एकच वाटण्याची भीती बहुतांशी क्रम चुकल्यामुळे खरी ठरते. फिकट आणि हलक्या बिअरपासून सुरुवात करावी, मग गव्हाची, मग हॉप्स या वेलीच्या फुलांमुळे कडू झालेली, मग भाजक्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) काळी, आणि लाकडी पिंपात मुरवलेली जड बिअर अगदी अखेरीस. कडू इंडिया पेल एल आधी घेतली तर नंतरची नाजूक पिल्सनर पाण्यासारखी लागते, आणि दोष त्या पिल्सनरचा नसतो. प्रत्येक नमुन्यानंतर पाण्याचा घोट आणि साध्या पावाचा तुकडा पुरेसा आहे. तिखट, खारट किंवा तेलकट काही खाल्ले की जीभ त्यातच अडकून पडते. त्या दिवशी अत्तर लावू नये, ही विनंती आपल्यासाठी जेवढी आहे तेवढीच शेजारी उभ्या असणाऱ्यांसाठीही आहे.

चाखताना पेला आधी नाकाशी न्यावा, दोन-तीन छोटे श्वास घ्यावेत आणि मग घोट घ्यावा. घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडला की घशामागून वर जाणारा गंध जाणवतो. ज्याला आपण चव म्हणतो त्याचा फार मोठा भाग प्रत्यक्षात हा गंध असतो. फार थंड बिअर जवळजवळ मुकी असते. म्हणून काळा, जड नमुना हाती आला की पाच मिनिटे तळहातात धरून ठेवावा. ४ अंशांवर जी बिअर नुसती कडवट वाटत होती, ती १२ अंशांवर सुकामेवा आणि कोको यांच्या गंधांनी भरून येते.

संग्रहालय आणि टेस्टिंग यांचे नाते अगदी वरवरचे नाही, याचे एक उदाहरण मला फार प्रिय आहे. तुर्कस्तानातील गॉर्डियन येथे मायडस राजाच्या नावाने ओळखला जाणारा थडग्याचा टेकाड आहे. अमेरिकेतील पेन म्युझियमच्या पथकाने १९५७ साली तो खोदला, तेव्हा इसवी सनपूर्व आठव्या शतकातील अंत्यविधीच्या मेजवानीची कांस्यपात्रे त्यात सापडली आणि काही पात्रांच्या तळाशी पेयाचा वाळलेला साका तसाच होता. प्राचीन पेयांचे अभ्यासक पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी अनेक दशकांनंतर त्या साक्याचे रासायनिक विश्लेषण केले, त्यात द्राक्षाचा रस, बार्लीची बिअर आणि मध या तिन्हींच्या खुणा एकत्र मिळाल्या. मार्च २००० मध्ये त्याच संग्रहालयात बिअरवर लिहिणारे मायकेल जॅक्सन यांच्या सन्मानार्थ एक मेजवानी झाली. तेथे जमलेल्या ब्रूअर मंडळींना मॅकगव्हर्न यांनी आव्हान दिले की, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत या आणि हे पेय पुन्हा बनवून दाखवा. त्या आव्हानातून डॉगफिश हेड या ब्रुअरीची ‘मायडस टच’ जन्माला आली. म्हणजे संग्रहालयातल्या एका संध्याकाळी जे बोलणे झाले, त्यातून भांड्याच्या तळाशी वाळलेल्या थराला पुन्हा पेल्यात वाट मिळाली.

जतनकार

मी संग्रहालयीन वस्तूंच्या संवर्धनाचे काम करते, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी माझ्याकडे आली असे समजते. आपली काळजी रास्त आहे. बिअरमध्ये साखर व प्रथिने शिल्लक असतात. सांडलेली बिअर वरवर पुसली तरी फरशीच्या सांध्यांत आणि लाकडाच्या फटींत चिकट थर उरतो, त्यावर बुरशी धरते आणि त्याच्या वासाने चिलटे, झुरळे व इतर कीटक येतात. एकदा कीटक इमारतीत शिरले की ते सांडलेल्या जागेपुरते राहत नाहीत. लोकर, चामडे, कागद, पिसे अशा वस्तू त्यांच्या वाटेवर असतात. लाखेचे पॉलिश अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून जुन्या लाकडी फर्निचरवर कोणतेही मद्य सांडणे धोक्याचे असते. गर्दीचाही परिणाम होतो. उभा असलेला प्रत्येक माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो आणि श्वासातून व घामातून बाष्पही सोडतो. तीनशे माणसे दोन तास एका दालनात थांबली तर तेथील आर्द्रता झपाट्याने बदलते. लाकूड, हस्तिदंत आणि रंगवलेले पृष्ठभाग यांना संथ बदलापेक्षा असा अचानक चढ-उतार जास्त जाचतो.

म्हणूनच नीट आखलेल्या कार्यक्रमात पेये प्रवेशदालनात, अंगणात किंवा वस्तू नसलेल्या सभागृहात ठेवतात आणि प्रदर्शनाच्या दालनांच्या दारापाशी पेला बाहेर ठेवण्याची सोय करतात. आपण गेलात की पहिल्यांदा एवढे पाहावे. दारावर कोणी पेला ठेवायला सांगितले तर ती अडवणूक समजू नये, आणि कोणी सांगितले नाही तरी आपण तो बाहेरच ठेवावा. काचेच्या पेटीवर पेला टेकवून गप्पा मारणारी माणसे मी पाहिली आहेत. पेटी बंद असली तरी तिच्या सांध्यांतून द्रव आत झिरपू शकतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

हे सगळे असूनही मी अशा कार्यक्रमांच्या विरोधात नाही. आमच्या भांड्यांपुढून बहुतेक लोक काही सेकंदांत पुढे सरकतात. ज्याने नुकतीच गाळ न काढलेली बिअर चाखली आहे, तो माणूस तोटीला गाळणी असलेल्या सुरईपुढे थांबतो आणि प्रश्न विचारतो. भांडे बनवणाऱ्याने ज्या अडचणीसाठी ती भोके पाडली, ती अडचण त्या माणसाच्या जिभेला ठाऊक झालेली असते. मला हे फार मोलाचे वाटते, आणि म्हणूनच दालनाच्या दारावरचा नियम कडक असावा असा माझा आग्रह आहे.

मंद आच

मी बरीच वर्षे घरी बिअर बनवतो आणि चाखण्याच्या स्पर्धांत परीक्षक म्हणूनही बसलो आहे. आस्वादक यांनी क्रमाबद्दल लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे, मात्र आंबट बिअर कडू बिअरच्या आधी घ्यावी की नंतर, यावर परीक्षकांतही एकमत नाही. आम्लाने जीभ थकते हे खरे, म्हणून मी तरी ती स्वतंत्र ठेवतो आणि मध्ये दहा मिनिटे थांबतो. ‘कडू चव जिभेच्या मागच्या बाजूलाच कळते, म्हणून बिअर गिळलीच पाहिजे’ असे टेबलावर कोणीतरी सांगण्याची शक्यता आहे. जिभेचा तो नकाशा चुकीचा आहे, कारण कडवटपणा जिभेवर सगळीकडे जाणवतो. परीक्षक घोट गिळतात ते गिळल्यानंतर रेंगाळणारा कडूपणा आणि मागून येणारा गंध तपासण्यासाठी, आणि त्याला छोटा घोट पुरतो.

आपण बिअर का वेगळी लागते असे विचारले आहे, तर टेबलामागच्या माणसाला ‘यात कोणते हॉप्स आहेत’ एवढेच न विचारता ‘हॉप्स केव्हा घातले’ असे विचारावे. दीर्घकाळ उकळलेले हॉप्स कडूपणा देतात, कारण त्यातील अल्फा आम्लांचे रूप उकळताना बदलते आणि तेव्हाच ती पाण्यात विरघळतात; सुगंधी तेले मात्र त्या वेळात वाफेबरोबर उडून जातात. तेच हॉप्स शेवटी किंवा आंबवण झाल्यावर घातले तर कडूपणा कमी आणि फळांसारखा, गवतासारखा किंवा राळेसारखा गंध जास्त मिळतो. दुसरा प्रश्न यीस्टबद्दल विचारावा. एल आणि लागर हे बिअरचे दोन मोठे प्रकार यीस्टवरून पडतात. एलचे यीस्ट साधारण १५ ते २२ अंशांवर काम करते आणि फळांचे गंध सोडते. लागरचे यीस्ट ८ ते १३ अंशांवर संथ चालते आणि पुढे कित्येक आठवडे थंडीत ठेवल्यावर स्वच्छ, कुरकुरीत चव देते. हे दोन प्रश्न विचारले की ब्रूअर पाठ केलेले वाक्य सोडून खरे बोलू लागतात, असा माझा अनुभव आहे.

दोष ओळखता येणे हाही आस्वादाचा भाग आहे. लोण्यासारखा वास आला तर तो बहुधा डायअसेटिलचा असतो; यीस्ट ते स्वतःच तयार करते आणि पुरेसा वेळ दिला तर स्वतःच पुन्हा शोषून घेते, म्हणून तो वास घाईने उरकलेल्या आंबवणीची खूण ठरतो. उकडलेल्या मक्याचा वास डायमिथाइल सल्फाइडचा, आणि तो फिकट माल्टचा काढा झाकण ठेवून किंवा फार थोडा वेळ उकळल्यावर राहून जातो. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास अ‍ॅसिटाल्डिहाइडचा. गंधकासारखा उग्र, कुबट वास आला तर बिअरला प्रकाश लागलेला असतो, कारण प्रकाशाने हॉप्सचे कडू रेणू तुटतात, आणि बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठीच. भर उन्हात पारदर्शक पेल्यात काही मिनिटे पुरतात, त्यामुळे टेबल खिडकीशी असेल तर पेला सावलीत धरावा. परंतु केळ्याचा आणि लवंगेचा वास आला म्हणून बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला नावे ठेवू नयेत. त्या यीस्टकडून तेच अपेक्षित आहे. एका कार्यक्रमात एका लहान ब्रुअरीच्या टेबलावर सलग तीन नमुन्यांना लोण्याचा वास होता. मी ते ब्रूअरला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितले. त्यांनी लगेच स्वतः चाखले आणि ते पिंप बंद करून टाकले. तक्रार करायची तर अशी करावी, चारचौघांत करू नये.

शुद्ध यीस्टची गोष्ट मात्र आपल्या तिसऱ्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ साली एकाच पेशीपासून वाढवलेले यीस्ट बिअरसाठी तयार केले आणि कार्ल्सबर्गने ते इतर ब्रुअरींनाही मोकळेपणाने दिले. त्यापूर्वीची प्रत्येक बिअर, मग ती राजाची असो की मजुराची, अनेक जातींच्या यीस्टने आणि बहुधा जिवाणूंनीही मिळून आंबवलेली असे. तेव्हा प्राचीन बिअर म्हणून जी समोर येईल ती पाकिटातल्या शुद्ध यीस्टने बनवली आहे का, हे विचारावे. तसे असेल तर धान्य जुने आणि श्वास नवा, असे ते पेय आहे.

प्रत्येक टेबलावर थोडेसे लिहून ठेवावे, हे राहिले होते. दोन शब्द पुरेत. पाचव्या नमुन्यानंतर पहिला आठवत नाही.

मृण्मय लेख

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबेल, कारण ‘पाच हजार वर्षांपूर्वीची कृती’ या शब्दांत तीन निरनिराळ्या प्रकारचे पुरावे एकत्र कालवले जातात आणि ते वेगळे केल्याशिवाय त्या दाव्याचे मोल ठरवता येत नाही.

पहिला पुरावा लिखित आहे. मेसोपोटेमियात इसवी सनपूर्व ३००० च्या सुमाराच्या मातीच्या पाट्यांवर मजुरांना दिलेल्या बिअरच्या शिध्याचे हिशेब आहेत. अशी एक पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि तिच्यावर बिअरचे चिन्ह म्हणून निमुळत्या तळाचा उभा रांजण कोरलेला आहे. या पाट्या बिअर किती दिली ते सांगतात, कशी केली ते सांगत नाहीत. कृती म्हणून ज्याचा हमखास उल्लेख होतो ते निनकासी या मद्यदेवतेचे सुमेरियन स्तोत्र आहे. ते इसवी सनपूर्व १८०० च्या सुमारास लिहिले गेले, म्हणजे पाच हजार नव्हे तर अडतीसशे वर्षांपूर्वी. मिगेल सिविल यांनी १९६४ साली त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले आणि त्याच्या आधारे मानववंशशास्त्रज्ञ सॉलोमन कॅट्झ व अँकर ब्रुअरीचे फ्रिट्झ मेटॅग यांनी १९८९ मध्ये प्रत्यक्ष बिअर बनवली. तो प्रयत्न अतिशय सुंदर होता, यात शंका नाही. तरीही हे स्तोत्र देवतेची स्तुती करणारे काव्य आहे. त्यात प्रमाणे नाहीत, वेळ नाही, उष्णतेचा उल्लेखही आजच्या अर्थाने नाही. त्यातला कळीचा शब्द ‘बप्पिर’. त्याचा अर्थ बराच काळ बार्लीचा पाव असा घेतला गेला आणि बिअर पावापासून होत असे हा समज त्यातून पक्का झाला, परंतु पीटर डामेरोव्ह यांनी २०१२ मध्ये बप्पिर म्हणजे पावच असे खात्रीने म्हणता येत नाही, असे साधार दाखवले. मुख्य घटकाच्या अर्थावरच वाद असेल, तर त्या मजकुराला पाककृती म्हणणे मला पटत नाही.

दुसरा पुरावा भांड्यांत उरलेल्या अवशेषांचा. इराणमधील गोदिन टेपे येथील इसवी सनपूर्व चौथ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील एका रांजणाच्या आतल्या खाचांत पिवळसर थर होता. तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. बार्लीची बिअर साठवली की भांड्याच्या तळाशी व कडांना हाच क्षार बसतो आणि आजच्या ब्रूअरनाही तो घासून काढावा लागतो. अवशेषांमुळे भांड्यात काय होते ते कळते, पण पुन्हा, कसे केले ते पूर्णपणे कळत नाही. याला एक देखणा अपवाद इजिप्तचा आहे. डेल्वेन सॅम्युएल यांनी १९९६ साली इजिप्तमधील वाळलेल्या अवशेषांतील स्टार्चचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. काही कण शिजून फुगलेले होते, तर काहींवर नुसत्या विकरांनी पाडलेले खड्डे होते. त्यावरून त्यांनी असे मांडले की धान्याचे दोन भाग केले जात असत, एक मोड आणून तसाच ठेवलेला आणि एक शिजवलेला, आणि मग ते पाण्यात एकत्र केले जात. पावाचा त्यात मागमूस नव्हता. ब्रिटिश म्युझियमने २०१८ मध्ये प्राचीन इजिप्शियन बिअर बनवून पाहिली, तेव्हाही अशीच दोन भागांची पद्धत वापरली गेली.

तिसरा भाग अंदाजाचा, आणि प्रत्येक पुनर्निर्मितीत तो असतोच. गॉर्डियनच्या पेयात कडूपणासाठी काय होते ते साक्यावरून कळले नाही, म्हणून ‘मायडस टच’मध्ये केशर घातले गेले, तो विचारपूर्वक केलेला तर्क आहे आणि तर्क म्हणूनच तो सांगितला गेला. २०१९ मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी प्राचीन मातीच्या भांड्यांच्या छिद्रांतून यीस्ट वेगळे करून त्याने बिअर बनवली, तेव्हा मंद आच यांनी मांडलेल्या प्रश्नाला निदान एका बाजूने उत्तर मिळाले, परंतु तेथेही पाककृती मात्र आधुनिक होती.

तेव्हा आपण अभिरक्षकांना एवढेच विचारावे की आजच्या पेयातील कोणती गोष्ट लेखातून आली, कोणती अवशेषातून आणि कोणती अंदाजातून. आपल्या विषयावर ज्याचे प्रेम आहे त्या अभिरक्षकाला या प्रश्नाने आनंद होतो. आणखी एक, त्या पेयात हॉप्स असतील तर ते आजच्या जिभेसाठी घातलेले आहेत. बिअरसाठी हॉप्स गोळा करण्याचा जुना लेखी उल्लेख ८२२ सालचा, फ्रान्समधील कॉर्बी मठाचे प्रमुख अडालहार्ड यांच्या नियमांतील आहे. सुमेर व इजिप्तच्या बिअरमध्ये त्यांचा पुरावा नाही.

दालनात गेल्यावर गाळण्या शोधाव्यात. बर्लिनच्या इजिप्शियन संग्रहालयात अमार्ना येथील एक शिलापट आहे, त्यावर एक सीरियन माणूस रांजणातून लांब वाकड्या नळीने पीत बसला आहे. अशा नळीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या किंवा हाडाच्या छोट्या गाळण्या अनेक संग्रहालयांत असतात आणि त्या इतक्या लहान असतात की पाटी वाचल्याखेरीज नजरेत भरत नाहीत.

साथसोबत

मी मद्य घेत नाही, परंतु गाडी चालवण्यासाठी म्हणून सोबत गेले होते आणि पूर्ण संध्याकाळ आनंदात गेली, म्हणून दोन ओळी लिहिते. बऱ्याच ठिकाणी न पिणाऱ्यांसाठी वेगळे तिकीट असते. ते आधी विचारून घ्यावे. टेबलांवर माल्टचे आणि हॉप्सचे नमुने वाट्यांमध्ये ठेवलेले असतात. फिकट, तांबूस आणि काळ्या माल्टचे दाणे चावून पाहिले आणि हॉप्सचे बोंड तळहातावर चोळून हुंगले, तर बिअरमधले अर्धे गंध न पिता समजतात. आपल्याला दहापैकी चारच नमुने घ्यायचे असतील तर उरलेल्या सहा टेबलांवर हे करावे. आणि परतीच्या प्रवासाची सोय मात्र आधीच ठरवून ठेवावी. कितीही कमी घेतली तरी स्वतः गाडी चालवू नये.

शोधयात्री

सर्वांचे मनापासून आभार. कार्यक्रम परवा झाला आणि आपल्या उत्तरांचा छापील कागद खिशात घेऊन मी गेलो होतो.

पहिला पाऊण तास दालनांत घालवला. तेथे मी धरून अकरा माणसे होती. जतनकार यांनी सांगितल्याप्रमाणे दाराशी पेल्यांसाठी मेज होते आणि त्यावर एकही पेला नव्हता, कारण सगळे पेले बाहेर अंगणात लोकांच्या हातांत होते. नळीच्या टोकाची गाळणी मला सापडली. ती माझ्या करंगळीच्या पेराएवढी आहे, कांस्याची, आणि तिची भोके सुईने पाडल्यासारखी बारीक आहेत. या संग्रहालयात मी पूर्वी अनेकदा आलो आहे आणि त्याच पेटीपुढून तितक्याच वेळा गेलो असणार, परंतु ती मी कधीच पाहिलेली नव्हती.

नमुने सहा घेतले, ६० मिलिलिटरचे, आणि त्यांतले दोन अर्धे ओतून दिले. पिल्सनर पहिल्यांदा घेतली. आयुष्यात प्रथमच बिअरमध्ये धान्याचा, ताज्या पावासारखा गंध मला वेगळा ओळखता आला. हॉप्स केव्हा घातले असे विचारल्यावर टेबलामागच्या बाई पंधरा मिनिटे बोलत राहिल्या आणि त्यांनी त्याच बिअरची, हॉप्स उशिरा घातलेली दुसरी धार मुद्दाम आणून दिली. दोन्हींतला फरक मला स्पष्ट कळला, आणि तो शब्दांत लिहिताना मात्र दोन ओळी खोडाव्या लागल्या. काळी बिअर तळहातात धरून ठेवली. आस्वादक म्हणाले ते अक्षरशः घडले.

व्याख्यानानंतर मी मृण्मय लेख यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. अभिरक्षक क्षणभर थांबले आणि मग त्यांनी पत्रिकेतील शब्द अतिशयोक्त असल्याचे सर्वांसमोर मान्य केले. मोड आणलेला आणि शिजवलेला असे धान्याचे दोन भाग अवशेषांवरून घेतले होते, खजूर लेखांवरून, धणे अंदाजाने, आणि यीस्ट आजच्या बाजारातले होते. हॉप्स नव्हते. प्रत्येक घटकाबद्दल ते कोठून आले हे सांगून झाल्यावरच त्यांनी पेले भरायला सांगितले.

ते पेय गढूळ, आंबूस, किंचित गोड आणि जवळजवळ फेस नसलेले होते. दुसऱ्या घोटाला बार्लीची टरफले दातांत आली आणि माझा हात नकळत नळी धरावी तसा तोंडाशी गेला. पेला मेजावर ठेवून मी पुन्हा आत जाऊन ती गाळणी पाहून आलो.